लॉन आणि गोल्फ मैदानाला सेंद्रिय खत: गुंठ्यावर मांडलेला हिशोब

आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्यांमध्ये लॉनला खत घालण्याची पद्धत ठरलेली आहे. मे महिन्याच्या अखेरीस शेणखताची ट्रॉली येते, माळी ते दोन-दोन बोटं जाड पसरतो, वर लाल मातीचा हात फिरवतो आणि सगळे पावसाची वाट बघतात. जुलैत लॉन हिरवंगार दिसतं. गणपतीपर्यंत त्यात लव्हाळ्याचे तुरे डोलायला लागतात आणि दसऱ्याच्या सुमारास गवताचे तुकडे सतरंजीसारखे हाताने उचलले जातात, कारण खाली हुमणीने (भुंगेऱ्याच्या जमिनीतल्या अळीने) मुळं खाऊन टाकलेली असतात. तरीही पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच ट्रॉली. खत सेंद्रिय आहे म्हटल्यावर ते किती, कधी, कुठलं हे विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही.

सेंद्रिय खत हेही खतच आहे. त्यात नत्र (नायट्रोजन) किती टक्के आहे, त्यातलं गवताला या हंगामात किती मिळणार आणि गवताची गरज किती, हे तीन आकडे मांडले की बाकीचे निर्णय सोपे होतात. खाली सगळा हिशोब गुंठ्यावर केला आहे. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, साधारण 100 चौरस मीटर. बंगल्यापुढचं लॉन असो, लग्नाचं लॉन असो किंवा गोल्फचा फेअरवे (चेंडू मारत पुढे जायचा कापलेल्या गवताचा पट्टा), याच मापाने मोजता येतं.

आधी गवत ओळखा

महाराष्ट्रात लॉनसाठी मुख्यतः तीन प्रकारची गवतं दिसतात. पहिलं म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातलं बर्म्युडा. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळतं ते यातलंच, आणि गोल्फ मैदानांवरही मुख्यत्वे हेच. याची भूक मोठी: वर्षाला गुंठ्याला 1 ते 2 किलो नत्र. ज्या लॉनवर रोज खेळ किंवा लग्नं होतात तिथे 2 किलोच्या जवळ, नुसतं बघायचं असेल तिथे 1 किलो पुरतं.

दुसरं ‘मेक्सिकन’ नावाने विकलं जाणारं बारीक पात्याचं, उशीसारखं फुगणारं गवत. त्याला बर्म्युडाच्या निम्मं खत बस होतं. जास्त दिलं तर पात्यांच्या आणि मातीच्या मध्ये अर्धवट कुजलेल्या काड्या-मुळांचा थर साचतो. त्याला थॅच म्हणतात. तो बोटभर झाला की पाणी, खत, हवा काहीच खाली उतरत नाही.

तिसरं पास्पॅलम. खारं पाणी सहन करतं, म्हणून किनारपट्टीला आणि सांडपाण्यावर जगवायच्या लॉनला बरं. खताच्या बाबतीत ते बर्म्युडा आणि मेक्सिकनच्या मध्ये बसतं.

माती आणि पाणी तपासा

कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्रं आणि जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळा माती तपासून देतात. शेतासाठी वीतभर खोलीचा नमुना घेतात, लॉनसाठी 10 सेंटिमीटर पुरे. नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणची माती घ्या, वरचा गवताचा आणि मुळांचा गुंता काढून टाका, सगळी एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो पाठवा. सावलीतल्या भागाचा आणि उन्हातल्या भागाचा नमुना वेगळा ठेवा. सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी), क्षारता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि लोह एवढं मागा.

अहवालात सर्वात आधी सामू बघायचा. पुणे, नाशिक, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ या पट्ट्यात काळी, चुनखडीयुक्त जमीन असते आणि सामू आठच्या आसपास जातो. अशा मातीत लोह भरपूर असलं तरी गवताला घेता येत नाही. पाती पिवळी पडतात आणि माळी म्हणतो, ‘खत कमी पडलं.’ फरक ओळखायची खूण सोपी आहे. नत्र कमी असेल तर आधी जुनी, खालची पाती पिवळी पडतात. लोह कमी असेल तर नवी पाती पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. लोहाच्या कमतरतेवर आणखी पोती ओतून काही होत नाही. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून, गुंठ्याला 8–10 लिटर, संध्याकाळी फवारा. पाच-सात दिवसांत रंग पालटतो. फरशीवर उडालं तर गंजाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत, एवढं सांभाळा. याच कारणासाठी या पट्ट्यात हाडांच्या चुऱ्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. चुनखडीच्या जमिनीत त्यातला स्फुरद सुटतच नाही. कोकणातल्या जांभ्या, आम्ल मातीत मात्र तो उपयोगी पडतो.

पाण्याकडे तर कुणाचं लक्षच नसतं. मोठ्या सोसायट्या आणि बरीच गोल्फ मैदानं शुद्धीकरण केलेलं सांडपाणी वापरतात. त्या पाण्यात लिटरला 10 मिलीग्रॅम नत्र आहे असं धरा. उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी दिलं तर गुंठ्याला 500 लिटर होतं, म्हणजे रोज 5 ग्रॅम नत्र. पावसाळा सोडून 200 दिवस पाणी दिलं की झालं 1 किलो. बर्म्युडाची वर्षाची बहुतेक गरज पाण्यातूनच गेली! अशा लॉनला वर पुन्हा भरपूर खत दिलं की गवत लुसलुशीत, रोगट आणि दर चार दिवसांनी कापावं लागणारं होतं. पाण्याचा अहवाल सोसायटीच्या प्रकल्पचालकाकडे असतोच, तो मागून घ्या. त्यात क्षारही बघा.

कुठलं खत घ्यायचं

शेणखत. नत्र जेमतेम अर्धा टक्का. त्यापेक्षा त्याच्यासोबत येणारी भानगड मोठी: लव्हाळ्याच्या गाठी, गाजरगवताचं बी आणि हुमणीच्या अळ्या. नवं लॉन लावण्याआधी जमिनीत मिसळायला पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत चांगलं. तयार लॉनवर पसरायला मी ते कधीच सुचवणार नाही.

गांडूळखत आणि कंपोस्ट. नत्र 1 ते दीड टक्का. यातलं पहिल्या वर्षी गवताला फार तर पाव हिस्सा मिळतं, बाकीचं पुढच्या वर्षांमध्ये सावकाश सुटतं. म्हणून याला खतापेक्षा जमीन सुधारण्याचं साधन समजा. खत नियंत्रण आदेश, 1985 नुसार गांडूळखतात किमान 1 टक्का नत्र असावं लागतं आणि 90 टक्के माल 4 मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. शहरी कंपोस्टला नत्राची अट 0.8 टक्के आहे. हे आकडे पोत्यावर छापलेले नसतील तर ते पोतं घेऊ नका.

निंबोळी पेंड. लॉनसाठी माझी पहिली पसंती हीच. चांगल्या मालात नत्र 4 टक्क्यांच्या आसपास, त्यातलं अर्ध्याहून अधिक दोन-तीन महिन्यांत सुटतं. कडुनिंबातले घटक जमिनीतलं नत्राचं रूपांतर धिमं करतात. देशात 2015 पासून युरियाला निमतेलाचा लेप सक्तीचा झाला तो याच गुणामुळे. शिवाय हुमणी आणि सूत्रकृमींना (मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म जंतांना) पेंड मानवत नाही. पण बाजारात माती मिसळलेली पेंड सर्रास मिळते. काचेच्या ग्लासात चमचाभर टाकून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. तळाशी जाडसर वाळू-माती बसली तर दुकानदाराला परत द्या. घाण्याच्या चांगल्या पेंडीला नाकात बसणारा कडवट वास असतो.

एरंडी पेंड. नत्र निंबोळीपेक्षा थोडं जास्तच, सुटतंही लवकर. पण तिच्यात रायसिन नावाचं विष असतं आणि कुत्र्यांना तिचा वास आवडतो. घरात कुत्रा असेल किंवा सोसायटीत भटकी कुत्री येत असतील तर एरंडी पेंड चुकूनही लॉनवर टाकू नका. थोडीशी खाल्ली तरी जिवावर बेतू शकतं. काही मिश्र पेंडींच्या पोत्यांत एरंडी असते, म्हणून घटकांची यादी वाचा.

शेंगदाणा पेंड. नत्र 7 टक्क्यांपर्यंत. महाग आहे, मुंग्या आणि उंदीर येतात. लहान जागेत, भिजवून, पातळ करून दिली तर छान.

कोंबडीखत. नत्र 2 ते 3 टक्के, पण ताज्या मालात अमोनिया इतका असतो की गवत करपतं. माश्या येतात त्या वेगळ्या. लोकवस्तीत नकोच. गोल्फ मैदानाच्या कडेच्या रफमध्ये (उंच ठेवलेल्या गवतात), पूर्ण कुजवलेलं आणि दाणेदार केलेलं असेल तर चालेल.

जीवामृताबद्दल दरवेळी विचारणा होते, म्हणून त्याचाही हिशोब करू. एकराला 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो बेसन, 2 किलो गूळ. बेसनातून सुमारे 70 ग्रॅम नत्र, शेणातून 40 च्या आसपास, गोमूत्रातून फार तर 100. म्हणजे एकराला दोनशे ग्रॅमच्या घरात. बर्म्युडाला एकरी वर्षाला 40 किलो आणि त्याहून अधिक लागतं. जीवामृत हौसेने जरूर फवारा, पण खत घातलं असं समजू नका.

कंपोस्ट पिकलं आहे का, हे घरीच बघा

मूठभर ओलसर कंपोस्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसासारखा मातकट वास आला तर तयार. आंबूस किंवा नाकात झोंबणारा वास आला तर कच्चं. दुसरी परीक्षा मेथीची: एका वाटीत निम्मं कंपोस्ट-निम्मी माती, दुसऱ्या वाटीत नुसती माती. दोन्हींत मेथीचे वीस-वीस दाणे पेरा. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखीच उगवण झाली तर बिनधास्त वापरा. कंपोस्टच्या वाटीत कमी उगवले किंवा मुळांची टोकं तपकिरी पडली तर महिनाभर आणखी कुजू द्या. कच्चं कंपोस्ट लॉनवर गेलं की ते कुजवण्यासाठी जिवाणू मातीतलंच नत्र वापरतात आणि खत घालूनही गवत पिवळं पडतं.

एका गुंठ्याचा हिशोब

समजा सोसायटीचं एक गुंठा बर्म्युडा लॉन आहे, वापर मध्यम. वर्षाला 1.2 किलो नत्र द्यायचं ठरलं.

कापलेलं गवत उचलून न टाकता तिथेच पडू द्या. त्यातून गरजेचा सुमारे पाव भाग परत मिळतो. ‘त्याने थॅच होतं’ हा समज चुकीचा आहे. कोवळी पाती आठवड्या-दोन आठवड्यांत विरून जातात, थॅच होतं ते काड्यांचं आणि मुळांचं. एकाच अटीवर, की प्रत्येक कापणीत पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापायचा नाही. राहिलं 0.9 किलो.

मार्चमध्ये 100 किलो चाळलेलं कंपोस्ट. 1 टक्क्याने त्यात 1 किलो नत्र आहे, पण यंदा मिळणार त्यातलं 200–250 ग्रॅम. राहिलं साधारण 0.7 किलो.

हे निंबोळी पेंडीतून. 4 टक्के नत्र आणि त्यातलं दोन तृतीयांश उपयोगी पडणार असं धरलं तर 27 किलो पेंड लागते. ती एकदम टाकायची नाही. 9-9 किलोचे तीन हप्ते करा. सांडपाण्यावरचं लॉन असेल तर पेंड निम्मी किंवा त्याहूनही कमी करा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जुन्या कंपोस्टातलं नत्र सुटायला लागतं, तेव्हा दर वर्षी थोडं-थोडं उतरवत जा.

आणि थर किती जाड? 100 किलो कंपोस्ट गुंठ्यावर पसरलं तर दोन मिलिमीटरही होत नाही. तीन मिलिमीटर ही वरची मर्यादा. त्याला गुंठ्याला साडेदहा घनफूट माल लागतो, म्हणजे एक ब्रास (100 घनफूट) कंपोस्ट नऊ गुंठ्यांना पुरतं. एका गुंठ्यावर अख्खा ब्रास ओतणारे कंत्राटदार मला माहीत आहेत.

टाकण्याची रीत

आदल्या दिवशी गवत नेहमीपेक्षा थोडं खाली कापा. थॅच असेल तर लोखंडी दातेरी पंजाने खरवडून काढा. मग भोकं पाडा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वरवरचं राहतं, विशेषतः लग्नाच्या लॉनवर, जिथे हंगामभर मांडव, खुर्च्या आणि हजारो पावलं जमीन दडपून टाकतात. लहान जागेत गार्डन फोर्क 8–10 सेंटिमीटर खोल खुपसून जरा मागे-पुढे हलवायचा, वीतभर अंतरावर. मोठ्या जागेला पोकळ दातांचं यंत्र भाड्याने मिळतं. ते मातीच्या कांड्या उपसून काढतं आणि भोकं खरोखर मोकळी राहतात. माती वाफशावर असावी, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली. चिखलात भोकं पाडली तर त्यांच्या कडा लिंपल्या जातात.

खत कोरडं, मोकळं आणि चाळलेलं हवं. एकूण वजनाचे दोन भाग करा. पहिला भाग उभ्या दिशेने, दुसरा आडव्या दिशेने चालत टाका, म्हणजे पट्टे पडत नाहीत. हाताने टाकायचं असेल तर पेंडीत दुप्पट कोरडी वाळू मिसळा, पसरण सारखी होते. कंपोस्ट टाकल्यावर खराट्याच्या पाठीने किंवा लांब फळीने ओढून ते भोकांत आणि पात्यांच्या मुळाशी जाऊ द्या. शेवटी पात्यांची टोकं वर दिसलीच पाहिजेत. दिसत नसतील तर जास्त झालं, झाडून काढा.

लगेच पाणी द्या, 5 ते 8 मिलिमीटर. म्हणजे पाती धुतली जातील आणि खत मातीला चिकटेल, वाहून जाणार नाही. निंबोळीचा वास तीन-चार दिवस राहतो. घरचं कार्य किंवा सोसायटीचा कार्यक्रम असेल तर निदान दहा दिवस आधी हे काम उरका. लहान मुलांना दोन-तीन दिवस त्या भागात खेळू देऊ नका.

वर्षाचं वेळापत्रक

आपली लॉनची गवतं उष्णता आवडणारी आहेत. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, विदर्भात ती निजल्यासारखी होतात आणि मातीतले जिवाणूही मंदावतात. तेव्हा टाकलेली पेंड नुसती पडून राहते.

मार्चचा पहिला पंधरवडा हा मुख्य मुहूर्त. भोकं, कंपोस्ट आणि पेंडीचा पहिला हप्ता. लग्नाच्या लॉनवाल्यांना हंगामाच्या मधोमध हे जमत नाही, ते पेंडीचा हप्ता मार्चमध्ये बारीक प्रमाणात देऊन भोकं आणि कंपोस्ट सप्टेंबर-ऑक्टोबरवर ढकलू शकतात.

मे-जूनमध्ये काहीही टाकू नका. एकतर वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर पाला खातात आणि जमिनीत अंडी घालतात. शेणाचा ओलावा त्यांच्या अळ्यांना पोसतो. दुसरं, उन्हाळ्यात वाळलेल्या मातीला पहिल्या पावसाचं पाणी लागलं की त्यातले जिवाणू एकदम जागे होतात आणि साठलेलं नत्र भराभर सुटतं. गवत आपोआप हिरवं होतं, ते त्या ट्रॉलीमुळे नव्हे. त्यावर आणखी नत्र पडलं तर ते पावसाबरोबर ओढ्यात जातं, नाहीतर गवतावर बुरशी येते. या दिवसांत करायचंच असेल तर संध्याकाळी झाडाच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करा. लॉनला हुमणीचा इतिहास असेल तर पाऊस लागल्यावर मेटारायझियम ही मित्रबुरशी पाकिटावरच्या मात्रेने द्या.

पावसाने उघडीप दिली की, जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये, पेंडीचा दुसरा हप्ता. कोकणात, जिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, हा हप्ता सरळ सोडून द्या आणि सप्टेंबरच्या मध्यावर द्या.

तिसरा हप्ता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. थंडीत शिरण्याआधी मुळं भरण्याचा हा काळ. नोव्हेंबरच्या पुढे पुन्हा हात आवरता.

गोल्फ मैदान: एकच मैदान, चार वेगवेगळी कामं

गोल्फ मैदानाकडे एक लॉन म्हणून बघितलं की सेंद्रिय प्रयोग फसतो. अठरा होलच्या मैदानात ग्रीन (होलभोवतीची अगदी बारीक कापलेली जागा) सगळे मिळून जेमतेम तीन एकर, टी (जिथून पहिला फटका मारतात) जवळपास तेवढेच, फेअरवे 25–30 एकर आणि बाकी रफ.

रफला वेगळं खत लागत नाही. गवत तिथेच पडू द्या. झाडांची पानं यंत्राने बारीक करून तिथेच सोडा. पातळ झालेल्या भागाला वर्षातून एकदा कंपोस्ट, बस.

फेअरवेचा प्रश्न वजनाचा आहे. 25 एकर म्हणजे 10 हेक्टर. गुंठ्याला दीड किलोप्रमाणे वर्षाला 1500 किलो नत्र. सगळं निंबोळी पेंडीतून द्यायचं म्हटलं तर 37 टनांहून जास्त. गांडूळखतातून द्यायचं तर सव्वाशे टन, तेही त्यातलं सगळं नत्र लगेच मिळालं असतं तर. एवढा माल साठवणं, पावसापासून वाचवणं आणि पसरणं हे रोजच्या खेळात बसवणं कठीण आहे. म्हणून माझं मत असं: गवत परत मातीत, शुद्ध केलेल्या सांडपाण्यातलं नत्र हिशोबात धरलेलं, जिथे भोकं पाडली तिथे कंपोस्ट, आणि पेंड दाण्याच्या स्वरूपात, ट्रॅक्टरमागच्या स्प्रेडरने. यातून निम्म्याहून अधिक गरज भागते. उरलेलं काही वर्षं रासायनिकमधून द्यावं लागलं तर त्यात कमीपणा नाही.

टीवर रोज तुकडे उडतात. वाळू, चाळलेलं कंपोस्ट आणि बर्म्युडाचे बारीक तुकडे यांचं मिश्रण त्या खळग्यांत भरायचं. टीची गरज फेअरवेपेक्षा थोडी जास्त.

ग्रीन मात्र सर्वस्वी वेगळं प्रकरण. अमेरिकन गोल्फ संघटनेच्या 1960 पासून चालत आलेल्या पद्धतीत ग्रीनखाली सुमारे 30 सेंटिमीटर वाळूप्रधान थर आणि त्याखाली 10 सेंटिमीटर खडी असते. पाणी झरझर उतरावं, पृष्ठभाग टणक राहावा म्हणून हा सगळा खटाटोप. अशा वाळूवर दर हंगामात कंपोस्टचा थर दिला तर काही वर्षांत वर स्पंज तयार होतो, पाणी तिथेच अडकतं आणि काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा थर धरतो. चेंडू घसरत नाही, रुततो. ग्रीनवर सेंद्रिय पदार्थ वाढवणं हे उद्दिष्ट नसतंच, ते कमी ठेवण्यासाठीच वाळू टाकतात. तेव्हा ग्रीनवर कंपोस्ट नाही, शेणखत नाही, गांडूळखतही नाही.

तिथे नत्र द्यायचं ते चमच्या-चमच्याने: दहा-पंधरा दिवसांनी गुंठ्याला 50 ते 100 ग्रॅम, द्रवरूपात. सोयाबीनच्या प्रथिनांपासून केलेली अमिनो आम्लांची पूड पाण्यात विरघळते आणि तिच्यात 12–14 टक्के नत्र असतं. स्वस्त पुडीत क्लोराइड बरंच असू शकतं, म्हणून तपासणी अहवाल मागा. समुद्री शेवाळाचा अर्क उन्हाच्या ताणात मुळांना मदत करतो, पण त्यात नत्र नगण्य. दाणेदार पेंड वापरायचीच असेल तर दाणा एक मिलिमीटरच्या आतला हवा. ग्रीन तीन-चार मिलिमीटरवर कापतात, मोठा दाणा दुसऱ्या दिवशी यंत्राच्या पेटीत गोळा होऊन येतो. पोकळ दातांनी भोकं पाडल्यावर दाणे आणि वाळू भोकांत झाडून दिली तर हा प्रश्न येत नाही.

हे परदेशात कसं चालतं? अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचं सांडपाणी विभाग जिवाणूंचा गाळ भट्टीत वाळवून त्याचे दाणे 1926 पासून ‘मिलोर्गनाइट’ या नावाने विकतं. नत्र 6 टक्के, सोबत भरपूर लोह. कित्येक पिढ्यांच्या गोल्फ मैदानांनी ते वापरलं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर 2002 साली उघडलेला व्हिनयार्ड गोल्फ क्लब तर रासायनिक कीटकनाशकांशिवाय चालवायचा या अटीवरच बांधला गेला. मिलोर्गनाइटचं उदाहरण बघून आपल्या सांडपाणी प्रकल्पातला ओला गाळ उचलून फेअरवेवर टाकण्याचा मोह मात्र आवरा. तिथे तो तापवून निर्जंतुक केलेला आणि जड धातूंसाठी तपासलेला असतो.

मैदानाचं स्वतःचं कंपोस्ट

एवढ्या एकरांवर रोज गवत कापलं जातं, झाडं पानं गाळतात, आणि बहुतेक ठिकाणी हा सगळा माल मागच्या कुंपणापाशी सडतो किंवा जाळला जातो. ग्रीनचं आणि टीचं उचललेलं गवत एक भाग, सुकी पानं दोन ते तीन भाग असा थर लावा. नुसत्या गवताचा ढीग चिकट होऊन सडतो, नुसती पानं वर्षभर तशीच राहतात. ढीग निदान मीटरभर उंच, मीटरभर रुंद. आतलं तापमान 55 ते 65 अंशांवर काही दिवस राहिलं तर तणांचं बी मरतं. लांब दांड्याचा थर्मामीटर मिळतो, तो विकत घ्या. तापमान उतरलं की उलथा, पाणी शिंपडा. अडीच-तीन महिन्यांनी चाळा.

गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पानं पटकन कुजतात. आंब्याची आणि नीलगिरीची हट्टी, ती आधी यंत्रातून काढा. सुबाभळीच्या शेंगा ढिगात जाऊ देऊ नका, नाहीतर ढिगाचा परीघ लवकर थंड झाला की फेअरवेवर सुबाभळीची रोपं उगवतील. तणनाशक फवारलेल्या भागाचं गवत निदान दोन-तीन कापण्या ढिगात घालायचं नाही.

काय बघत राहायचं

रसायनावरून सेंद्रियवर येताना पहिला उन्हाळा फिका जातो. युरिया टाकल्यावर पाचव्या दिवशी दिसणारा गडद हिरवा रंग पेंडीने तीन आठवड्यांनी येतो आणि तेवढा गडद नसतो. सोसायटीच्या सभासदांना किंवा क्लबच्या कमिटीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये कुणीतरी गुपचूप युरियाचं पोतं मागवतं.

लॉनची एक पट्टी, सहा-सात फूट रुंद, पहिल्या वर्षी खताविना सोडा. पट्टी आणि बाकी लॉन यांत फरकच दिसत नसेल तर पाण्यातून किंवा जुन्या साठ्यातून पुरेसं मिळतंय, पुढचा हप्ता रद्द करा. कापणीच्या दिवशी पेटीत किती गवत निघालं ते वहीत लिहा. प्रमाण अचानक वाढलं की नत्र जास्त झालं.

दोन वर्षांनी माती पुन्हा तपासा आणि या वेळी स्फुरदाकडे बघा. कंपोस्टात नत्राच्या मानाने स्फुरद जास्त असतं, गवत मात्र ते थोडंच उचलतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कंपोस्ट घातलेल्या लॉनवर ते साचत जातं आणि पावसाळ्यात जवळच्या तळ्यात उतरून शेवाळ माजवतं. गोल्फ मैदानातली तळी उन्हाळ्यात हिरवी का पडतात, याचं एक कारण इथे आहे. अहवालात स्फुरद ‘अति जास्त’ आला तर दोन वर्षं कंपोस्ट पूर्ण बंद, फक्त निंबोळी पेंड आणि कापलेलं गवत. तळ्याच्या काठापासून तीन-चार मीटरच्या पट्ट्यात तर कुठलंच खत टाकू नका, आणि तिथलं गवत जरा उंच वाढू द्या.